चूक समोरच्याची, ठोकलेली गाडी आपली: अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनी की इन्शुरन्स? ब्रिटनमधल्या मराठी चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं इंग्लंड आणि वेल्सपुरती आहेत. स्कॉटलंडमधली कोर्टाची रीत वेगळी. ‘नॉन-फॉल्ट’ म्हणजे चूक आपली नसलेला अपघात. अमेरिकेतल्या काही राज्यांत ‘नो-फॉल्ट’ नावाची विम्याची पद्धत आहे, तिचा इथे काही संबंध नाही.

ठोकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

थांबायचं. रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट १९८८ च्या कलम १७० प्रमाणे थांबणं आणि नाव, पत्ता, गाडीचा नंबर देणं बंधनकारक आहे. तिथे देवाणघेवाण झाली नाही, तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं. दोन्ही गाड्यांचे फोटो जागेवरून हलवायच्या आधी काढा, कुणी पाहिलं असेल तर त्याचा फोन नंबर घ्या, डॅशकॅमचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी उतरवून ठेवा. आणि टो-ट्रकवाल्याने किंवा ‘मदत करायला’ थांबलेल्या कुणी टॅब पुढे केला, तर त्यावर बोटाने सही करू नका. पुढचे निम्मे प्रश्न त्या एका सहीतून जन्माला येतात.

अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनी म्हणजे इन्शुरन्स कंपनीच का?

नाही. तुमचा तिच्याशी आधीचा कसलाही करार नसतो, तुम्ही तिला प्रीमियम भरलेला नसतो. ती मधली कंपनी. तुमची गाडी उचलून नेते, गॅरेज ठरवते, तुम्हाला तुमच्या गाडीच्या तोडीची दुसरी गाडी देते आणि हा सगळा खर्च समोरच्याच्या इन्शुरन्स कंपनीकडून वसूल करते. तुम्हाला एक्सेस (क्लेममधला स्वतःच्या खिशातून भरायचा ठरलेला वाटा) भरावा लागत नाही आणि स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम टाकावा लागत नाही. ऐकायला छान वाटतं, आणि बऱ्याच वेळा सगळं सुरळीत पारही पडतं.

मग त्यांना यातून काय मिळतं?

भाडं. तुम्हाला दिलेली गाडी ‘क्रेडिट हायर’वर असते, म्हणजे भाडं रोज चढतं पण वसुली शेवटी होते. हा दर हाय स्ट्रीटवरच्या साध्या भाडे कंपनीच्या दरापेक्षा बराच जास्त असतो, कारण त्यात उधारीची जोखीम आणि क्लेम चालवण्याचा खर्चही धरलेला असतो. २०१२ मध्ये ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या तेव्हाच्या सरकारी संस्थेने, या धंद्याचा अभ्यास केला. चूक असलेल्या चालकाच्या इन्शुरन्स कंपनीला बदली गाडीमागे सरासरी ५६० पौंड आणि दुरुस्तीमागे १५५ पौंड जास्तीचे मोजावे लागतात, असा अंदाज त्यांनी मांडला. गाडी वापरणारा एक, बिल भरणारा दुसरा आणि दर ठरवणारा तिसरा. मग दर खाली येईल कसा? शेवटी ते पैसे सगळ्यांच्याच प्रीमियममधून निघतात, तुमच्याही.

यात इन्शुरन्स कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असं समजू नका. त्यांच्यातल्या अनेक जणी स्वतःचे नॉन-फॉल्ट ग्राहक क्रेडिट हायरवाल्यांकडे पाठवतात आणि त्याचं कमिशन घेतात. शारीरिक इजेच्या केस पाठवण्याचं कमिशन १ एप्रिल २०१३ पासून बंद झालं. गाडीच्या भाड्याचं चालूच आहे.

म्हणजे गाडी मला फुकटच पडते ना?

इथेच लोक फसतात. कायद्याच्या नजरेत ती गाडी तुम्ही भाड्याने घेतलेली असते. भाडेकरार तुमच्या नावावर, भाडं देणं लागता तुम्ही, आणि समोरच्यावर वसुलीचा दावा लागतो तोही तुमच्याच नावाने. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट) १९९३ मध्ये ‘जाइल्स विरुद्ध थॉम्पसन’ खटल्यात ही पद्धत कायदेशीर ठरवली. पण त्याच वेळी हेही सांगितलं की बदली गाडीची गरज होती हे दावा लावणाऱ्याने दाखवलं पाहिजे.

समजा दिवसाला १०० पौंड दराने ४५ दिवस गाडी वापरली. बिल झालं ४,५०० पौंड. समोरच्या कंपनीने सिद्ध केलं की तशीच गाडी बाजारात ४० पौंडांना मिळत होती, तर कोर्ट १,८०० पौंड देईल. वरचे २,७०० कुणाचे? करारानुसार तुमचे. प्रत्यक्षात चांगल्या कंपन्या सहकार्य करणाऱ्या ग्राहकाच्या मागे लागत नाहीत; बहुतेक करारांसोबत त्यासाठी वेगळी विमा पॉलिसीही जोडलेली असते. पण ‘सहकार्य’ या शब्दाची व्याख्या करारातच असते, आणि ती वाचायची राहून जाते.

बिल माझ्यावर उलटण्याची वेळ कधी येते?

सगळ्यात आधी, खोटं बोललात तर. अपघात कसा झाला, घरात दुसरी गाडी आहे का, आधीचा डेंट होता का, यांपैकी कशातही खोटेपणा उघड झाला तर जोडलेली विमा पॉलिसीही हात वर करते. पत्रांना उत्तर दिलं नाही, साक्षीला गेला नाहीत, तरी तेच.

मग येते गरज. एक उदाहरण आपल्या मंडळींना नीट समजेल. गणपतीला तीन आठवडे पुण्याला जायचं तिकीट आधीच काढलंय आणि जायच्या चार दिवस आधी कुणी ठोकलं. कंपनीने चकचकीत एसयूव्ही दारात आणून लावली, तुम्ही ती तिथेच ठेवून विमान पकडलं. त्या तीन आठवड्यांत भाडं चढत होतं आणि गाडी चालवत कुणीच नव्हतं. घरात दुसरं कुणी ती वापरत नसेल, तर त्या दिवसांचं भाडं मिळणं अवघड. पासपोर्टवरचा शिक्का काय, बोर्डिंग पास काय, समोरचा वकील सगळं मागतो. त्यापेक्षा जायच्या आदल्या दिवशी गाडी परत करा आणि परत केल्याची ईमेल ठेवा. घरातली दुसरी गाडी दिवसभर उभी असेल तरीही हाच प्रश्न विचारला जातो.

तिसरं, मुदत. गॅरेजने पार्टची वाट बघण्यात दोन महिने घालवले, तर त्याचा जाब तुम्हालाही द्यावा लागू शकतो. म्हणून दर आठवड्याला गॅरेजला एक लेखी विचारणा करा. दोन ओळींची पुरते.

‘तुमच्याकडे पैसे नव्हते का?’ असं कोर्ट का विचारतं?

कारण पूर्ण क्रेडिट हायर दर मिळण्याची किल्ली त्यात आहे. २००० मध्ये ‘डायमंड विरुद्ध लव्हेल’ खटल्यात ठरलं की भाड्याच्या दरातला उधारीचा आणि क्लेम हाताळण्याचा भाग वजा करून साधा बाजारभावच मिळेल. तीन वर्षांनी ‘लॅग्डन विरुद्ध ओ’कॉनर’ आला. त्यातला गाडीवाला बेकार होता आणि गाडी जुनी फोर्ड ग्रॅनाडा. भाड्याचे पैसे आगाऊ भरण्याची त्याची ऐपतच नव्हती, उधारीशिवाय त्याला गाडी मिळालीच नसती. अशा माणसाला पूर्ण दर द्यावा, असा निकाल लागला. बाकीच्यांना २०१५ च्या ‘स्टीव्हन्स’ निकालाप्रमाणे नावाजलेल्या किंवा स्थानिक भाडे कंपन्यांचा सर्वांत कमी वाजवी दर लागू होतो.

त्यामुळे केस कोर्टात गेली, की साधारण अपघाताच्या आधीच्या तीन महिन्यांपासून भाडं संपेपर्यंतची बँक आणि क्रेडिट कार्ड स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा मागितल्या जातात. मुदतीत दिल्या नाहीत तर ऐपत नसल्याचा मुद्दा मांडताच येत नाही. आयटीत नोकरी, बचत खात्यात घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले पैसे, आणि करारावर ‘माझी ऐपत नाही’ या चौकोनात टिचकी: असे फॉर्म आपल्यातल्या पुष्कळांनी न वाचता भरलेत. त्या टिचकीखाली सही तुमची असते.

स्वतःच्या इन्शुरन्स कंपनीकडे गेलो तर काय मिळतं आणि काय जातं?

कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर दुरुस्ती त्यांच्या गॅरेजात होते आणि चूक कुणाची हा वाद मिटायची वाट बघावी लागत नाही. बदली गाडी बहुधा छोटी हॅचबॅक, तीही दुरुस्ती चालू असेपर्यंतच. दोन चाइल्ड सीट, पाठीमागे प्रॅम आणि भारतातून आलेले आईबाबा असे त्यात मावत नाहीत, हे खरं. एक्सेस आधी तुम्ही भरता. तो परत मिळवायला ‘मोटर लीगल प्रोटेक्शन’ (वकिलाच्या खर्चाचं जोड-संरक्षण) कामाला येतं. पॉलिसी घेताना तीसेक पौंड वाचवायला आपण ज्या चौकोनावरची टिचकी काढतो, ते हेच.

समोरच्या कंपनीकडून सगळे पैसे वसूल होईपर्यंत क्लेम ‘उघडा’ राहतो. त्या काळात रिन्यूअल आलं तर तो तुमच्या चुकीचा धरून प्रीमियम लावला जाऊ शकतो. वसुली झाल्यावर फोन करून हिशेब पुन्हा करून घ्या. स्वतःहून पैसे परत येतील अशी वाट बघत बसू नका.

अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनीकडे गेलो तर माझ्या कंपनीला सांगायची गरज नाही ना?

आहे. क्लेम करा वा न करा, अपघात कळवणं ही जवळजवळ प्रत्येक पॉलिसीची अट असते. ‘फक्त माहितीसाठी’ असं स्पष्ट सांगून कळवा. इन्शुरन्स कंपन्यांची ‘क्यू’ नावाची सामायिक नोंदवही आहे, समोरच्याने क्लेम टाकला की तिथे तुमचंही नाव दिसतं. नो क्लेम बोनस शाबूत राहूनही नॉन-फॉल्ट अपघातामुळे पुढचा प्रीमियम वाढू शकतो. अन्याय आहे, पण अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनीने तो टळत नाही. ‘आमच्याकडून केलंत तर रेकॉर्डवर येणार नाही’ असं जो सांगतो, त्याचा फोन ठेवून द्या.

पुण्यात आम्ही सरळ आपल्याच कंपनीकडे क्लेम करायचो. इथे इतका गुंता कशासाठी?

भारतात गाडीच्या नुकसानीसाठी समोरच्याच्या विम्याच्या मागे लागायचं म्हणजे मोटार अपघात न्यायाधिकरणाची पायरी चढायची. बंपरसाठी कोण चढेल? म्हणून आपण ‘ओन डॅमेज’ घेतो किंवा रस्त्यातच हजार-दोन हजारांवर मिटवतो. इंग्लंडमध्ये समोरच्याच्या कंपनीकडून दुरुस्ती, बदली गाडी, टोईंग, सगळं वसूल करणं रोजचं आहे. तिथेच मधल्याला जागा मिळाली. रस्त्यात मिटवायची सवय मात्र इथे सोडा: ‘सॉरी, माझंच चुकलं’ हे सौजन्याने म्हटलेलं वाक्य नंतर कबुली म्हणून पुढे येतं.

समोरच्याच्याच इन्शुरन्स कंपनीचा फोन आला, ‘आम्ही गाडी देतो, दुरुस्तीही करतो’. सापळा आहे का?

सापळा नाही, त्यांचा स्वार्थ आहे, आणि या वेळी तो तुमच्या सोयीचा असू शकतो. महागडं क्रेडिट हायर टाळायचं म्हणून त्या स्वतःच्या दरात गाडी देतात. एक्सेस नाही, तुमच्या नावावर उधारी नाही. चूक निर्विवाद असेल, मागून ठोकलेलं असेल, तर माझं मत या वाटेकडे झुकतं. फार लोकांना हा पर्याय असतो हेच माहीत नसतं.

दोन गोष्टी सांभाळा. त्यांचा देकार लेखी मागा आणि गाडी त्यांना दिवसाला कितीला पडते हे विचारा. २००९ च्या ‘कॉप्ली विरुद्ध लॉन’ निकालात अपील कोर्टाने म्हटलं की खर्चाचा आकडा न सांगता दिलेला देकार नाकारणं अवाजवी ठरत नाही. आकडा सांगितला असेल आणि तरी तुम्ही महागडी गाडी घेतलीत, तर ते अंगाशी येऊ शकतं. दुसरं, तुम्ही त्यांचे ग्राहक नाही. काम बिघडलं तर त्यांच्याविरुद्ध फायनान्शिअल ऑम्बुड्समनकडे (विमा-बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी संस्था) जाता येत नाही. स्वतःच्या कंपनीविरुद्ध जाता येतं, आठ आठवड्यांत तक्रार सुटली नाही तर, तेही विनामूल्य.

मी माझ्याच कंपनीला फोन केला होता, मग हे भलतेच लोक कसे आले?

याच्या दोन वाटा आहेत. रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘क्लेम नंबर’ शोधलात, तर पहिल्या निकालावर ‘जाहिरात’ असं बारीक लिहिलेलं असतं. त्या नंबरवरचा माणूस ‘क्लेम डिपार्टमेंट’ म्हणूनच फोन उचलतो, कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. नंबर पॉलिसीच्या कागदावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्या. आजच फोनमध्ये साठवून ठेवा.

दुसरी वाट कमिशनची, जी वर आलीच. कंपनी म्हणते, ‘आमच्या पार्टनरकडून तुम्हाला तुमच्यासारखीच गाडी मिळेल.’ पार्टनर म्हणजे क्रेडिट हायर. तिथे थेट विचारा: ही पॉलिसीतली कर्टसी कार (पॉलिसीतच मिळणारी बदली गाडी) आहे की माझ्या नावावरचा भाडेकरार?

मग अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनी घ्यावी तरी कधी?

पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल आणि समोरची कंपनी चालढकल करत असेल. एक्सेस डोईजड असेल आणि हातात पैसे नसतील. गाडीशिवाय नोकरी जाईल, रात्रपाळीच्या नर्सला बस मिळत नाही, घरात व्हीलचेअर आहे, अशी खरी गरज असेल. गाडी ‘टोटल लॉस’ (दुरुस्ती परवडणार नाही इतकी खराब) झाली असेल, कारण तेव्हा अनेक पॉलिसींत कर्टसी कार मिळतच नाही. आणि या सगळ्यांत चूक समोरच्याची आहे याचा भक्कम पुरावा हाती असेल.

राउंडअबाउटवर दोघंही ‘माझी लेन’ म्हणतायत, साक्षीदार नाही, डॅशकॅम नाही? तर तिकडे वळूच नका. ५०-५० ठरलं की अर्धं भाडं लोंबकळतं. ठोकून पळून गेलेल्याचा नंबर मिळाला नसेल, तर त्या कंपन्या स्वतःच रस दाखवत नाहीत, वसूल कुणाकडून करणार? नंबर मिळाला पण विमा नसेल, तर तुमच्या पॉलिसीत ‘अनइन्शुअर्ड ड्रायव्हर प्रॉमिस’ (विमा नसलेल्याने ठोकलं तर बोनस आणि एक्सेस वाचवणारं कलम) आहे का ते बघा. नसेल तर विमा नसलेल्या चालकांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई देणारं मोटर इन्शुरर्स ब्युरो आहे.

भारतीय लायसन्सवर अशी गाडी मिळते का?

इथे राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, पुढे नाही. भाडे कंपनीचा विमा मात्र त्याहून कडक अटी घालू शकतो. लायसन्सची खरी स्थिती सांगा. तेरावा महिना लागला असेल तर ती गाडीच काय, स्वतःचीही चालवू नका.

भाड्याच्या गाडीलाच कुणी ठोकलं तर?

असं एका बाईंचं झालं, आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं: ‘आर्मस्टेड’, २०२४. दोन्ही वेळा चूक त्यांची नव्हती. करारातल्या एका कलमानुसार गाडी दुरुस्तीत असलेल्या दिवसांचे १,५६० पौंड त्यांनी भाडे कंपनीला देणं लागत होतं. ही रक्कम दुसऱ्या अपघातातल्या चालकाच्या कंपनीने द्यावी, असा निकाल लागला. पण गाडी तुमच्याच चुकीने ठोकली गेली तर? करारातला एक्सेसचा आकडा चावी घेण्याआधी बघा.

मान दुखतेय. ते लोक म्हणतात तोही क्लेम आम्हीच करतो.

आधी जीपीला (तुमच्या फॅमिली डॉक्टरला) दाखवा. ३१ मे २०२१ पासून रस्ते अपघातातल्या ५,००० पौंडांपर्यंतच्या इजेसाठी ‘ऑफिशियल इंज्युरी क्लेम’ हे सरकारमान्य पोर्टल आहे, तिथे वकिलाशिवाय अर्ज करता येतो. व्हिपलॅशची (झटक्याने मानेला होणारी इजा) भरपाई ठरलेल्या तक्त्यातून मिळते, आणि वैद्यकीय अहवालाआधी व्हिपलॅशची तडजोड करायला कायद्याने बंदी आहे. इजेच्या क्लेमला तीन वर्षांची मुदत असते, गाडीच्या नुकसानीला सहा. घाई त्यांना असते. दुखत नसताना दुखतंय म्हणायला कुणी सुचवलं, तर मात्र तिथून उठा. त्या खोट्यापायी गाडीचा खरा क्लेमही बुडतो.

सही करण्याआधी काय विचारू?

दिवसाचा दर किती. वसुली झाली नाही तर बिल कुणाचं, आणि ते कुठल्या कलमात लिहिलंय. विमा जोडलाय का, त्याची प्रत. टोईंगनंतर गाडी कुठे ठेवणार आणि स्टोरेज दिवसाला किती. दुरुस्तीची हमी किती वर्षांची. आणि कंपनी एफसीएच्या (फायनान्शिअल कंडक्ट अथॉरिटी, वित्तीय कंपन्यांवरची नियामक संस्था) रजिस्टरवर आहे का ते स्वतः पाहा. १ एप्रिल २०१९ पासून क्लेम मॅनेजमेंट कंपन्यांवर एफसीएची देखरेख आहे, पण ती इजेच्या क्लेमसारख्या कामांवर. नुसती बदली गाडी आणि दुरुस्ती त्या यादीत येत नाही. त्यामुळे ‘आम्ही रेग्युलेटेड आहोत’ हे वाक्य ऐकलं की ‘कशासाठी?’ हा पुढचा प्रश्न विचारायचा.

सही होऊन गेली. आता बाहेर पडता येईल?

गाडी केव्हाही परत करता येते. परत केली की भाडं थांबतं. गाडी हातात यायच्या आतच मन बदललं तर त्याच दिवशी ईमेलने कळवा. तोवर चढलेलं बिल मात्र तुमच्याच नावावर राहतं, आणि वसुलीपर्यंत सहकार्याची अटही. मधेच रागाने फोन उचलणं बंद करणारे लोक सर्वांत जास्त अडकतात.

दोन वर्षांनी वकिलाचं पत्र आलं: ‘तुमच्या वतीने दावा दाखल केला आहे, साक्षीसाठी या’. मी तर कुणाला सांगितलंच नव्हतं!

करारात परवानगी दिलेली असते. पत्र खरं आहे का ते पाहा: वकिलाच्या फर्मचं नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या रजिस्टरवर शोधा आणि तिथल्या नंबरवर फोन करा, पत्रावरच्या नाही. खरं असेल तर करार, भाड्याचं बिल आणि तुमच्या नावाने तयार केलेलं निवेदन मागवून घ्या. निवेदनाखाली ‘हे सत्य आहे’ अशी तुमची सही असते, आणि मजकूर बहुधा ज्याने तुम्हाला कधी पाहिलंही नाही अशा कुणी टाइप केलेला असतो. न पटणारी प्रत्येक ओळ खोडून दुरुस्त करून मगच सही करा. घर बदललं असेल तर नवा पत्ता कळवा. पत्रं जुन्या पत्त्यावर पडून राहिली आणि तारीख हुकली, तर ते असहकार्यातच मोजलं जाऊ शकतं.